पाळीव प्राण्याचं चित्र काढून घ्यायचंय, फोटो कसे काढू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूरला माझी एक खोली आहे. तिथं मी पेन्सिल, जलरंग आणि ॲक्रिलिकमध्ये कुत्री, मांजरं, बैल, कधीमधी एखादी लाडकी बकरी अशी चित्रं करून देतो. ऑर्डर टिळकवाडी-कॅम्पातून येतात, तशाच निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणीकडूनही येतात. माणसाचं व्यक्तिचित्र समोर बसवून करता येतं, चित्रकार के. बी. कुलकर्णी याच गावचे आणि रवी परांजपे त्यांचे शिष्य, त्यामुळं इथं ते वेगळं सांगायला नको. कुत्रं मात्र पाच मिनिटं बसत नाही. म्हणून फोटो. आणि फोटोंबद्दल तेच ते प्रश्न मला रोज येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधी सांगतो. मला देखणा फोटो नको असतो. तुमच्या मोत्याला मी कधी भेटलेलो नाही. त्याचा कुठला कान पडलेला आहे, नाकावर कुठं ओरखडा आहे, डोळा मधासारखा आहे का चहासारखा, हे मला फक्त फोटोच सांगणार. फोटोत जे दिसत नाही ते मी मनानं भरलं, तर तुमच्या घरातल्या लहान पोराला ते पहिल्या नजरेत कळतं.

१. एकूण किती फोटो पाठवू?

दहा-बारा पुरतात. चित्र त्यातल्या एकावरूनच होतं, बाकीचे त्या एकात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. चेहरा समोरून, चेहरा थोडा तिरका, डावी बाजू, उजवी बाजू, आणि एकदा अख्खं अंग, पायांच्या नखांपासून शेपटीच्या टोकापर्यंत. दोन्ही बाजू मागतो कारण अंगावरचे पट्टे-ठिपके दोन्हीकडे सारखे नसतात. एका काकूंनी मला एकशे चाळीस फोटो पाठवले होते, त्यातल्या निम्म्यात कुत्रं झोपलेलं. तसं नको.

तुमच्या घरात सगळ्यांना आवडणारा एखादा फोटो असतोच, तो मात्र वेगळा पाठवा आणि "हा खरा आमचा मोत्या" असं लिहा. तो हललेला, अंधारातला असला तरी चालेल. चेहऱ्यावरचा भाव मी त्यातून घेतो, बारकावे दुसऱ्या फोटोंतून.

२. मोबाईलचा चालतो का ओ, का फोटोग्राफर बोलवू?

मोबाईलचा चालतो. गेल्या कित्येक ऑर्डरी मी मोबाईलच्याच फोटोंवरून केल्यात. फक्त काढण्याआधी मागची काच पुसा. खिशातल्या, पिठाच्या, तेलाच्या हातांच्या मोबाईलवर नेहमी एक धुकट थर असतो, आणि त्या थरातून केसांची धार जाते. धुतलेल्या सुती कापडानं पुसलं की झालं.

३. कुठल्या वेळी काढू? आमच्याकडं ऊन फार असतंय.

सकाळी ऊन कोवळं असताना, नाहीतर संध्याकाळी पाचच्या पुढं. पण थेट उन्हात नकोच. सावलीत, आणि सावली अशी की वर आभाळ उघडं दिसतंय. कौलारू घर असेल तर सोप्याची (ओसरीची) कड ही सगळ्यात चांगली जागा. प्राणी आत सावलीत, तोंड अंगणाकडं, तुम्ही अंगणात पाठ करून. म्हणजे समोरचा मऊ उजेड थेट त्याच्या डोळ्यांत पडतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीचं दार हाच तुमचा सोपा.

दुपारचा फोटो का नको, त्याला कारण आहे. बेळगाव साधारण पावणेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा काढलेल्या फोटोत कुत्र्याचं कपाळ चकाकतं आणि भुवयांच्या सावलीत दोन्ही डोळे गायब होतात. डोळे नसलेल्या फोटोवरून मी चित्र करत नाही, कितीही आग्रह केला तरी.

४. फोटोत आमच्या कुत्र्याचं नाक एवढं मोठं का दिसतंय?

कारण तुम्ही फार जवळ गेलाय. ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा कुत्र्याचं नाक मोबाईलपासून एक फुटावर, म्हणजे तीस सेंटीमीटरवर आहे. त्याचे डोळे नाकाच्या दहा सेंटीमीटर मागं, म्हणजे चाळीसवर. मग डोळ्यांच्या मानानं नाक एक तृतीयांशानं मोठं दिसणार. तुम्ही दोन मीटर मागं गेलात तर हाच फरक जेमतेम पाच टक्के राहतो. म्हणजे मोबाईल वाईट नाही, अंतर वाईट आहे. सहा-सात फूट मागं उभं राहा आणि स्क्रीनवर दोन किंवा तीन पट झूम करा. मोबाईलला झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर दोन पटीच्या पुढं जाऊ नका, नंतर मी कापून घेईन.

दुसरी गोष्ट उंची. बहुतेक फोटो उभ्या माणसाच्या छातीपासून खाली काढलेले असतात. त्यात डोकं मोठं, पाय काडीसारखे, आणि प्राणी केविलवाणा वर बघतोय. खाली बसा. कुत्रं लहान असेल तर सरळ फरशीवर पालथे पडा. लोक हसतील, हसू देत. मोबाईल त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आला की फोटोत एकदम तो तुमच्याकडं बघायला लागतो. मांजर असेल तर उलटं करा, मांजर खिडकीच्या कट्ट्यावर किंवा माळ्याच्या पायरीवर चढून बसेपर्यंत थांबा. वाकायचं काम वाचतं.

५. फोटो पाठवले तरी तुम्ही परत का मागता?

व्हॉट्सॲपमुळं. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. मोबाईलवर चार हजार पिक्सेल लांबीचा असलेला फोटो माझ्याकडं येईपर्यंत साधारण सोळाशेवर येतो. लांबी-रुंदी दोन्ही घटतात, म्हणून एकूण ठिपके सहापैकी एकच उरतो. मिशा, पापण्या, नाकावरचे बारीक खवले, सगळं त्यातच जातं.

फोटो पाठवताना पिनचं चिन्ह दाबा, "गॅलरी" ऐवजी "डॉक्युमेंट" निवडा आणि तिथून फोटो घ्या. मग तो जसाच्या तसा येतो. ईमेल किंवा गूगल ड्राइव्हही चालतं. स्टेटसवरून घेतलेला स्क्रीनशॉट मात्र नको. कुणीतरी नातेवाइकानं फॉरवर्ड केलेला फोटो असेल तर तो ज्याच्या मोबाईलवर काढला त्यालाच मूळ फाइल मागा.

६. आमचं कुत्रं काळं आहे. फोटोत नुसता काळा गोळा दिसतंय.

मोबाईल पूर्ण चित्राचा सरासरी उजेड बघतो, कुत्र्याचा नाही. मागं पांढरी भिंत असली की तो भिंत सांभाळतो आणि कुत्रं बुडवतो. म्हणून मागं फार उजळ काही नको. स्क्रीनवर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर सरकवा. मागची भिंत पांढरीफटक पडली तरी पडू दे. मला डोळा, भुवई आणि गालाचं हाड वेगवेगळं दिसलं पाहिजे.

उजेड बाजूनं असेल तर आणखी चांगलं. काळ्या केसांवर बाजूनं उजेड पडला की केसांचा प्रवाह कळतो, आणि बहुतेक काळी कुत्री खरं तर काळी नसतात, तेही कळतं. कुणाच्या अंगात तांबूस झाक असते, कुणाच्या निळी. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात कुत्र्याचा फोटो काढणार असाल तर मातीवर नको, गवतावर किंवा एखाद्या फिकट गोणपाटावर उभं करा.

७. आणि पांढरं असेल तर?

उलट करा. सूर्याचं चिन्ह थोडं खाली सरकवा, फोटो जरा मळकट वाटला तरी चालेल. काळ्यातून थोडंफार काही बाहेर काढता येतं, पांढरं एकदा जळून गेलं की त्यात काही उरत नाही.

खानापूर-जांबोटीकडच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. तिकडची लाल माती उन्हात स्वतःच दिव्यासारखी काम करते. पांढऱ्या कुत्र्याच्या पोटाला, हनुवटीखाली, पायांच्या आतल्या बाजूला तांबडी झाक चढते. मला ती मूळ रंगाची वाटली तर चित्रात तसंच येईल. तुम्हाला खरा रंग हवा असेल तर सिमेंटच्या अंगणात नाहीतर घरात काढा, आणि एका फोटोत त्याच्याशेजारी साधा पांढरा कागद धरा. कागद कितपत पिवळा-तांबडा दिसतोय त्यावरून बाकीचं मी ठरवतो. हा कागद कुठल्याही रंगाच्या प्राण्याला उपयोगी आहे, विशेषतः ट्यूबलाइटखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली फोटो काढला असेल तर. ताडपत्रीखालची निळी कुत्री माझ्याकडं दर पावसाळ्यात येतात.

८. एका जागी बसतच नाही. काय करू?

बसवू नका. "बस, बस" म्हणून दटावलेल्या कुत्र्याचे कान मागं जातात आणि तेच चित्रात येतं. एकट्यानं काढण्यापेक्षा दोघं जण लागतात. एकानं मोबाईल धरायचा, दुसऱ्यानं मोबाईल धरणाऱ्याच्या डोक्यामागं उभं राहून बिस्किटाच्या पुड्याचा आवाज करायचा. कान उभे राहतात, मान तिरकी होते, आणि ती स्थिती फार तर दोन सेकंद टिकते. बटण दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलवर एकामागोमाग फोटो निघतात. त्यातला एक नक्की मिळतो. तोच आवाज तीनदा केला की त्याला कंटाळा येतो, म्हणून मोबाईल तयार ठेवूनच पुडा वाजवा.

घरातल्या भाषेत हाक मारा. सीमाभागातल्या घरांत हे विसरलं जातं. मालक मराठी बोलतो, पण कुत्र्याला भाकरी घालणारी बाई कन्नड बोलते, आणि कुत्रं "ये ये" ला ढिम्म असतं, "बा बा" म्हटलं की उठून येतं. वडगावातल्या एका घरी मी स्वतः हे बघितलंय. "बस" ला कुत्र्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आतून बाईंनी "कुंद्रू" म्हटलं आणि गडी टुणकन बसला.

खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या, उकडलेली कोंबडीही चालते. कुंदा (आपली बेळगावी मिठाई) देऊ नका, साखर आहे. चॉकलेट तर कुत्र्याला विषच.

९. जीभ बाहेर असलेला फोटो चालतो का?

तुम्हाला तसं चित्र हवं असेल तर का नाही? पण फिरून आल्या आल्या काढलेल्या फोटोत तोंड ताणलेलं असतं, डोळे बारीक होतात, आणि घरी भिंतीवर तेच कायमचं लागतं. तोंड मिटलेला एक तरी पाठवा. अर्धा तास पंख्याखाली बसू द्या, पाणी द्या, मग काढा.

१०. डोळे हिरवे नाहीतर पांढरे चमकतात. तुम्ही ते नीट कराल?

त्या फोटोवरून नाही करणार. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागं आरशासारखा थर असतो, रात्री कमी उजेडात दिसावं म्हणून. फ्लॅशचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि डोळ्याचा रंग, बाहुली, सगळं झाकून टाकतो. फ्लॅश बंद ठेवा.

मांजराच्या बाबतीत आणखी एक. भर उजेडात त्यांची बाहुली उभ्या रेघेसारखी होते आणि चेहरा रागीट दिसतो. मंद उजेडात गोल होते आणि तेच मांजर गरीब दिसतं. दोन्ही खरंच आहे. घरी तुम्हाला ते कसं आठवतं ते सांगा. पिल्लू असेल तर वय सांगा, कारण मांजराच्या पिल्लाचे डोळे सुरुवातीला निळे असतात आणि काही आठवड्यांत बदलतात. चित्र होईपर्यंत तुमचं मांजर पिवळ्या डोळ्यांचं झालेलं असेल.

११. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला छान येतो की. तो का नको?

मागचं धूसर करताना मोबाईल कानाच्या कडा, मिशा आणि शेपटीचे केसही पुसतो. जिथं अंग संपतं आणि हवा सुरू होते ती कड मला सगळ्यात जास्त लागते. मागची पार्श्वभूमी मी तशीही वेगळी काढतो. ब्युटी फिल्टरही बंद करा, तो कुत्र्यालाही गोरं करतो.

१२. मुलीनं कुत्र्याबरोबर काढलेली सेल्फी आहे, ती चालेल?

भाव बघायला चालेल, बाकी कशाला नाही. आणि सेल्फी असेल तर तसं लिहाच.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडं टायगर नावाच्या कुत्र्याचे तीन फोटो आले, तिन्ही सेल्फी. काही मोबाईल समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात, हे मला माहीत होतं पण डोक्यात आलं नाही. टायगरच्या एका डोळ्यावर पांढरा ठिपका होता. मी तीन दिवस घालवून मोठ्या कागदावर चित्र केलं, काचेत बसवलं. घरची मंडळी न्यायला आली. सगळे "मस्त मस्त" म्हणाले. आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्यो आमचा टायगर न्हवं." ठिपका दुसऱ्या डोळ्यावर गेला होता. मी पुन्हा काढून दिलं, पैसे एकाच चित्राचे घेतले. पहिलं अजून माझ्या भिंतीवर आहे, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंचे फोटो मागतो (प्रश्न १).

१३. पावसाळ्यात फोटो काढावा का थांबावं?

काढा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आभाळ भरलेलं असतं आणि भरलेलं आभाळ म्हणजे फुकटचा मोठा मऊ दिवा. फक्त प्राणी कोरडा हवा. भिजलेल्या केसांचा रंग दोन छटा गडद दिसतो आणि अंगाचा आकारही बदलतो. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत काढा, त्याच्या आधी-नंतर घरात उजेड पुरत नाही आणि फोटोत दाणे येतात.

१४. आमचं मुधोळ आहे. काही वेगळं लागतं?

लागतं. मुधोळ म्हणजे बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांच्या संस्थानचं गाव. तिथलं हे शिकारी कुत्रं आपल्याकडं बरेच जण कारवान म्हणूनही ओळखतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हेही होतं. त्याचं सगळं सौंदर्य रेषेत आहे. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, वर ओढलेलं पोट.

समोरून काढलं की लांब तोंड आखडून जातं आणि कुत्रं ओळखू येत नाही, शिवाय प्रश्न ४ मधली नाकाची गडबड इथं दुप्पट होते. म्हणून थोडं तिरकं किंवा पूर्ण बाजूनं. अख्ख्या अंगाचा फोटो उभं असताना, त्याच्या छातीच्या उंचीवरून, किमान बारा-पंधरा फूट लांबून काढा. बरगड्या दिसतात म्हणून लोक "जरा भरून काढा ओ" म्हणतात. मी भरत नाही. ती त्याची ठेवणच आहे.

१५. बैलाचं चित्र काढता का? बेंदराचा फोटो आहे.

काढतो, आणि मनापासून आवडतं. पण बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या फोटोत एक अडचण असते. शिंगांना रंग, बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. त्याखाली बैल कुठं आहे ते शोधावं लागतं. सजवलेलंच चित्र हवं असेल तरी एक साधा फोटो सजवण्याआधीचा पाठवा. निपाणी-चिकोडीकडं बरेच जण ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर पाळतात, शेजारचे कन्नड लोक तिला कारहुण्णिमे म्हणतात. त्याच्या आदल्या दिवशी, बैल धुऊन वाळल्यावर आणि शिंगं रंगवायच्या आधी, ही वेळ मला सगळ्यात सोयीची.

खिलार जातीच्या बैलाची शिंगं लांब, मागं वळत गेलेली असतात. दहापैकी सहा फोटोंत त्यांची टोकं कापलेली असतात. टोकांच्या वर आणखी हातभर जागा सोडा. अंतर वीस फूट, उंची बैलाच्या खांद्याइतकी. गोठ्यातला फोटो नको, तिथं दारातून येणारा उजेड आणि आतला अंधार यांचं भांडण असतं. ज्याच्या हाताची सवय आहे त्यालाच कासरा धरू दे आणि तुम्ही मागून जाऊ नका. फोटोपायी लाथ खाल्लेला माणूस मी बघितलाय. पांढऱ्या अंगासाठी प्रश्न ७ मधलं सगळं लागू.

वेसण आणि दावं चित्रात ठेवायचं का काढायचं ते तुम्ही सांगा. काढायचं असेल तर त्याखालचा भाग दिसणारा एक फोटो लागतो; कुत्र्याच्या पट्ट्याचंही तसंच. पट्ट्याखालचे केस दबलेले असतात, म्हणून पट्टा आधी तासभर काढून ठेवा.

१६. दोन प्राणी एका चित्रात हवेत, पण ते कधी एकत्र नव्हतेच.

होतं. दोघांचे फोटो एकाच जागी, एकाच वेळी, उजेड एकाच बाजूनं येत असताना काढा. एकावर डावीकडून ऊन आणि दुसऱ्यावर उजवीकडून असेल तर चित्रात ते दोन वेगळ्या गावात उभे दिसतात. आणि उंची मोजून पाठवा, जमिनीपासून खांद्यापर्यंत. शिवणकामाची टेप पुरते. फोटोवरून उंची कळत नाही. त्यातला एक आता नसेल तर पुढचा प्रश्न वाचा, आणि जो आहे त्याचा फोटो जुन्या फोटोतला उजेड बघून काढा.

१७. आमचा राजा गेला. आहेत तेच फोटो आहेत.

जे आहेत ते सगळे पाठवा. इथं प्रश्न १ मधली मर्यादा सोडून द्या. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात बसलेला, कुणाच्या तरी वाढदिवसाला टेबलाखालून डोकावणारा, सगळे. मी एकातून कान घेतो, दुसऱ्यातून डोळ्याचा रंग. व्हिडिओ असेल तर तोही पाठवा, त्यातून चित्र थांबवून घेता येतं. फोर-के व्हिडिओची एक चौकट आठ मेगापिक्सेलच्या आसपास भरते, साध्या फुल एचडीची दोनच्या आसपास. स्क्रीनशॉट तुम्ही काढू नका, मूळ व्हिडिओच द्या. चालणं, मान वळवणं बघितलं की मला त्याची ठेवण कळते.

गेल्यानंतरचे फोटो पाठवू नका. त्यातून चित्राला उपयोगाचं काही मिळत नाही, आणि तुम्हाला ते पुन्हा शोधायला लागू नयेत. अंगाची ठेवण कमी पडली तर मी त्याच जातीच्या दुसऱ्या कुत्र्यावरून घेतो. चेहरा कधीच नाही. चेहरा पुरेसा दिसत नसेल तर तसं आधीच सांगतो आणि आगाऊ रक्कम परत करतो. मग मागून बसलेला, दारात वाट बघणारा असं काही सुचवतो. काही जणांना तेच जास्त आवडलंय.

१८. जुना अल्बममधला छापील फोटो आहे. त्याचा फोटो काढून पाठवू?

जवळपास स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, झेरॉक्सच्या बऱ्याच दुकानांत होतं. नसेल तर फोटो प्लॅस्टिकमधून बाहेर काढा, पण चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचं प्लॅस्टिक तेवढं उचला. खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा, मोबाईल बरोबर वर समांतर धरा, फ्लॅश बंद, आणि स्वतःची सावली पडत नाही ना ते बघा. जुन्या फोटोंचे रंग लालसर-पिवळे झालेले असतात. कुत्रं खरंच तांबूस होतं का पांढरं, ते शब्दांत लिहून पाठवा. "नारळाच्या शेंडीसारखा" एवढं लिहिलं तरी मला पुरतं.

१९. सरप्राइज द्यायचं आहे. प्राणी त्यांच्या घरी आहे, मी फोटो कसा काढू?

घरातल्या पोराला गाठा. पोरांकडं मोबाईल असतो, कुत्र्याला तीच खाली बसून भेटतात, म्हणून उंचीही आपोआप बरोबर येते. त्यांना प्रश्न ४ आणि ५ तेवढे वाचून दाखवा.

२०. पिंजऱ्यातला राघू आहे. त्याचं चित्र?

आपला साधा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणं गुन्हा आहे. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. आजीच्या काळापासून पिंजरा सोप्यात टांगलेला असतो. मी पोलीस नाही, पण पिंजऱ्यातल्या राघूची ऑर्डर घेत नाही. झाडावरच्या राघूंचं चित्र हवं असेल तर आनंदानं करीन. बजरी, कॉकाटीलसारख्या परदेशी पाळीव पक्ष्यांना अडचण नाही. त्यांचा फोटो पिंजऱ्याच्या जाळीला मोबाईल अगदी टेकवून, पक्षी जाळीपासून लांब असताना काढा. जाळी विरघळून जाते.

२१. नेटवर अगदी आमच्या कुत्र्यासारखा फोटो मिळाला. त्यावरून काढाल?

नाही. एक तर तो तुमचा कुत्रा नाही, आजीला कळेल. दुसरं, तो फोटो कुणाचा तरी आहे. स्टुडिओत तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेला फोटो वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो. तुमचा स्टुडिओशी काही लेखी करार झालाय का तेवढं बघून घ्या.

२२. आमच्या प्राण्याचं चित्र तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकणार का?

विचारल्याशिवाय नाही. वरच्या कलमात फोटोबरोबर मोबदला देऊन काढून घेतलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्रही येतं, त्यामुळं आपण वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर त्याचे हक्कही तुमचेच. चित्र नेताना मी विचारतो, बहुतेक जण "टाका की" म्हणतात. खानापूरकडच्या एका आजोबांनी बैलाला नजर लागेल म्हणून नको सांगितलं. ते चित्र त्यांच्या घराबाहेर माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही.